कुणी आहे का घरात?

खुर्चीत बसण्याआधी बाई उशी उचलायच्या. उशीच्या शिवणीवरून अंगठ्याचं नख हळूच फिरवायच्या, मान तिरकी करून आत डोकावायच्या आणि शेजारणीच्या दारातून हाक मारावी तशा आवाजात विचारायच्या, "कुणी आहे का घरात?" आतून काही हललं नाही की त्यांचा चेहरा खुलायचा. "कुणी नाही. उत्तम!" म्हणायच्या आणि मग ऐसपैस बसायच्या. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, बँकेच्या मॅनेजरची केबिन असो, हा विधी कधी चुकला नाही. पुण्यात एखाद्या नाटकाला तिसरी घंटा झाल्यावर एक ठेंगण्या बाई आपल्या सीटशी बोलताना तुम्ही पाहिल्या असतील, तर त्या बहुधा आमच्याच बाई.

माझं मंडईजवळ गाद्यांचं दुकान आहे. नवीन गाद्या करून देतो, जुना कापूस पिंजून देतो, सोफ्याला कपडा चढवून देतो. बाईंची आणि माझी पहिली भेट त्याच दुकानात झाली आणि त्या भेटीत माझं एक चांगलं गिऱ्हाईक गेलं.

लग्नसराई होती. नवरीकडची मंडळी डबल गादी पसंत करत बसली होती. नवरीची आई गादीवर तळवा दाबून दाबून बघत होती. एवढ्यात साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या या बाई आत आल्या आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे ढेकूण मिळतील का?"

नवरीच्या आईने गादीवरचा हात काढून घेतला. मी पुण्यातला दुकानदार. मला राग आला की तो सरळ येत नाही. मी म्हणालो, "बाई, इथे फक्त गाद्या मिळतात. ढेकूण गिऱ्हाईक घरून आणतात."

दुसरं कुणी असतं तर पाय आपटत गेलं असतं. बाई खो खो हसल्या. "अहो, तेच म्हणते मी! घरून आणतात ना? मग त्यातलेच द्या. पण जिवंत हवेत बरं का."

नवरीकडची मंडळी "आलोच परत" म्हणून उठली. पुण्यात "आलोच परत" म्हणजे काय, ते सगळ्याच दुकानदारांना ठाऊक असतं.

मग उलगडा झाला. बाई विषाणूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत कीटकांच्या विभागात होत्या आणि आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे लागल्या होत्या. डास माणसाचं रक्त पितो आणि एकाचा आजार दुसऱ्याला देतो. ढेकूणही माणसाचंच रक्त पितो, तोही एका अंथरुणातून दुसऱ्यात जातो. मग तोही विषाणू नेतो का?

"संशयित म्हणून अगदी पक्का आहे," त्या मला सांगायच्या. "घटनास्थळी रोज हजर. पोटात रक्त. चादरीवर डाग. पण गुन्हा काही सिद्ध होत नाही हो!"

बाई ढेकणांना विषाणू मिसळलेलं रक्त पाजायच्या, त्यांना सांभाळायच्या, वाट बघायच्या आणि मग तपासायच्या. विषाणू कधी कधी ढेकणाच्या अंगात काही काळ सापडायचा. पण तो पुढे कुणाला दिल्याचं त्यांना एकदाही दिसलं नाही. दरवेळी उत्तर 'नाही'. डासांवर काम करणारे त्यांचे सहकारी परदेशी परिषदांना जाऊन आले, त्यांचे फोटो छापून आले. बाई म्हणायच्या, "डासवाल्यांना हार आणि ढेकूणवाल्यांना खाज. चालायचंच."

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, एवढी वर्षं नुसतं नाहीच ऐकताय. कंटाळा नाही येत?"

"अहो गादीवाले, डॉक्टरांनी तुम्हाला 'गाठ नाही' असं सांगितलं, तर तुम्ही पेढे वाटाल की कंटाळाल?"

मी चहा मागवला.

पुढे योगायोग असा, की कात्रजच्या बाजूला मी ज्या सोसायटीत फ्लॅट घेतला, तिथेच तिसऱ्या मजल्यावर बाई राहायला आल्या. एकट्याच होत्या. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा त्यांनी दिवाणाची गादी उचलून "कुणी आहे का घरात?" विचारलं आणि माझ्या बायकोचा पारा चढला. "आमच्याकडे ढेकूण? गादीवाल्याच्या घरात?" बाई शांतपणे म्हणाल्या, "हलवायाच्या घरात मुंग्या नसतात का?" त्या दिवशी बायकोने चहात साखर जरा कमीच घातली. पण बुद्धपौर्णिमेला बाईंनी भलंमोठं पातेलं भरून खीर पाठवली आणि भांडण मिटलं. बायकोने ते पातेलं रिकामं परत करायचं नाही म्हणून त्यात पुरणपोळ्या घालून दिल्या. तिथून जी देवाणघेवाण सुरू झाली, ती शेवटपर्यंत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

एका वर्षी गणपतीनंतर आमच्या सोसायटीत तापाची साथ आली. आमचे सेक्रेटरी म्हणजे नाना. निवृत्त अधिकारी. त्यांना मोबाईलवर टाइप करायचा तिटकारा. आयुष्यभर स्टेनोला मजकूर सांगितलेला. त्यामुळे फोन तोंडाशी धरून त्यालाच हुकूम सोडायचे आणि तो लिहील ते न वाचता पाठवून द्यायचे. एके सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला : 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की बी विंगमध्ये ढेकूणचे दोन पेशंट सापडले आहेत. तरी काळजी घ्यावी.'

बाईंनी तो वाचला आणि मला फोन केला. "गादीवाले, ढेकूणचे पेशंट म्हणजे? ढेकणांना काय झालंय?"

आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. इतरांनी मात्र तो मजकूर खरा धरला. शिकलेसवरलेले लोक हो! संध्याकाळपर्यंत 'ढेकूण-ताप' नावाचा नवा आजार आमच्या सोसायटीत जन्माला आला होता. त्याची लक्षणं, त्यावरचा काढा, सगळं ग्रुपवर फिरायला लागलं. लिफ्टमध्ये कुणीतरी कागद चिकटवला : 'ढेकूण असलेल्यांनी जिना वापरावा.'

हसण्यावारी गेलं असतं, पण नेमकं त्याच आठवड्यात बी विंगच्या वैशालीने आपली गादी गच्चीवर उन्हात टाकली. वैशाली नांदेडकडची. एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायची. मुलींनी जुना पलंग विकत आणला होता आणि त्यातून ढेकूण आले होते. गच्चीवर कुणीतरी ते पाहिले, दोन अधिक दोन पाच केले आणि सोसायटीने फ्लॅटच्या मालकाला कळवलं, की तुमच्या भाडेकरू मुलींनी रोग आणलाय, खोली खाली करा. मालक राहायला दुसऱ्या गावी. त्याने एका शब्दाने चौकशी न करता मुलींना महिनाअखेरीस निघायला सांगितलं.

वैशाली बाईंच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी तिथेच होतो. पोरगी रडत नव्हती, पण ओढणीचं टोक पिळून पिळून तिने दोरी केली होती.

"काकू, आम्ही लई स्वच्छ राहतो हो. घर गेलं तर दुसरं बघीन मी. पण साथ माझ्यामुळं आली असं दवाखान्यात कळलं, तर मला ड्युटीवर कोण ठेवील? घरी काय सांगू मी?"

बाईंनी तिला बसवलं. बसवण्याआधी खुर्चीची उशी उचलून पाहिली, नेहमीप्रमाणे. वैशालीचा चेहरा पडला. तिला वाटलं, ही तपासणी आपल्यासाठीच. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी माझ्या सख्ख्या भावाकडेसुद्धा असंच करते. तू बस. तुझ्या मैत्रिणीला ताप आहे?"

"नाही."

"तुला?"

"नाही काकू."

"मग मला त्या गादीतले चार-दोन दे बाटलीत घालून. आणि रविवारच्या मीटिंगला ये. मागे नाही, पुढे बसायचं."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग भरली. बाईंनी आपली प्लास्टिकची खुर्ची उलटी करून तपासली. त्या खुर्चीला उशी नाही, शिवण नाही, पण सवय ती सवय. वैशाली त्यांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसली. तिच्या पलीकडच्या आणि मागच्या खुर्च्या लोकांनी जरा सरकवून घेतल्या. मला ते बघवलं नाही, म्हणून मी उठून तिच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो.

नाना उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. "कुणाशी वैर नाही माझं. पण माझा नातू तापाने फणफणतोय. उद्या त्याला काही झालं तर? आणि स्पष्टच बोलतो, स्वच्छ माणसांच्या घरात ढेकूण होत नाहीत."

   बाईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. तोंडाला झाकणाऐवजी मलमलीची जाळी बांधलेली. आत वैशालीच्या गादीतले चार ढेकूण. बाईंनी पदर सावरला, बाटली उलटी करून आपल्या उघड्या हातावर दाबून धरली आणि उभ्या राहिल्या.

"त्यांना भूक लागली आहे. तोवर आपण बोलू."

मागच्या रांगेतून कुणीतरी "अहो मॅडम!" म्हणून ओरडलं. नानांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"घाबरू नका, हा पुरावा नव्हे. मला उद्या ताप आला नाही तरी त्याने काही सिद्ध होत नाही. हा नुसता तमाशा आहे. पुरावा वाचायला तुम्हाला वेळ नसतो, म्हणून तमाशा." लोक कसनुसं हसले. "नाना, मी येरवड्याला चाळीत वाढले. आमची आणि ढेकणांची नावं एकाच रेशनकार्डावर होती म्हणा ना! आई दर रविवारी पलंग बाहेर काढून फटीफटीत उकळतं पाणी ओतायची. आमच्या घराएवढं स्वच्छ घर मी अजून पाहिलेलं नाही. तरीही एक दिवस शाळेत माझ्या कॉलरवर ढेकूण निघाला. वर्गातल्या बाईंनी मला उठवलं आणि शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. वर्षभर. माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. तेव्हापासून मला या प्राण्याला विचारायचं होतं, की बाबा रे, तू एवढं केलंस तरी काय?"

 मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. 

"आयुष्यभर विचारलं त्याला," बाई म्हणाल्या. "तो चावतो, खाज देतो, झोप उडवतो. पण तापाचा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे नेताना तो आम्हाला कधी सापडला नाही. उद्या सापडणारच नाही अशी शपथ मी घेणार नाही. पण आज नाही. एखादी गोष्ट सापडणं वेगळं आणि पोचवणं वेगळं. पत्र पेटीतही असतं आणि पोस्टमनच्या पिशवीतही असतं. घरी आणून देतो तो पोस्टमन. आणि ढेकूण घर स्वच्छ की घाण ते बघत नाही. त्याला ऊबदार माणूस लागतं, बस्स. मालक की भाडेकरू, हेसुद्धा विचारत नाही. त्या बाबतीत तो सोसायटीपेक्षा बरा."

"मग ताप आला कुठून?" नाना म्हणाले. त्यांचा सूर आता खाली आला होता.

"ज्या घरात ढेकूण आहेत तिथे ताप नाही. ज्या घरांत ताप आहे तिथे ढेकूण नाहीत. नाना, तुम्ही तो पहिला संदेश पुन्हा एकदा फोनला सांगता का? सगळ्यांसमोर?"

नानांनी खिशातून फोन काढला, तोंडाशी धरला आणि अधिकारी सुरात म्हणाले, "बी विंगमध्ये डेंग्यूचे दोन पेशंट सापडले आहेत." मग चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नानांनी गणपतीच्या आधीच नवी कवळी बसवून घेतली होती. त्या कवळीतून 'डेंग्यू'चा 'ड' असा काही फुंकर मारत बाहेर पडायचा, की फोन बिचारा इमानेइतबारे 'ढेकूण' लिहीत होता.

पहिली हसली ती वैशाली. आठवडाभर कोंडलेलं हसू होतं ते. मग मी, मग सगळं पार्किंग. शेवटी नानाही हसले, तोंडावर हात धरून. ग्रुप वाचून वाचून डेंग्यू ढेकणांतूनच पसरतो, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं.

"आता चला," बाटली पिशवीत ठेवत बाई म्हणाल्या, "खरे पोस्टमन दाखवते."

त्या थेट गेटजवळच्या निळ्या पिंपाकडे गेल्या. त्या वर्षी आम्ही शाडूच्या मूर्तीचं विसर्जन सोसायटीतच पिंपात केलं होतं. मूर्ती विरघळली, माती खाली बसली, वर पाणी तसंच राहिलं. बाप्पाचं पाणी कुणी ओतायचं, कुठे ओतायचं, यावर कमिटीचं एकमत होत नव्हतं. गटारात तर ओतणं शक्यच नव्हतं. त्यामुळे येणारा-जाणारा पिंपाला नमस्कार करून पुढे जात होता. बाईंनी वरचं फडकं बाजूला केलं. पाण्यात डासांच्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. पिंप बरोबर बी विंगच्या जिन्याखाली.

नानांनी आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "रोज नातवाला घेऊन नमस्काराला येत होतो मी इथे."

बाईंनी त्यांना टोमणा मारला नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "पाणी झाडाला घालू या. मातीत अळ्या जगत नाहीत. आणि बाप्पाही मातीतूनच आले होते, नाही का?"

पहिला तांब्या नानांनीच आंब्याच्या मुळाशी ओतला आणि सवयीने म्हणाले, "गणपती बाप्पा मोरया!" झालं! बादल्या आल्या, रांग लागली, कुणीतरी झांजा आणल्या. एका वर्षात एकाच गणपतीचं दोनदा विसर्जन करणारी सोसायटी पुण्यात आमचीच असेल. वैशाली बादल्या भरून देत होती आणि तिच्या हातून बादली घेताना कुणीच अंग चोरत नव्हतं. पिंप रिकामं झालं तेव्हा नाना तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "मुली, तुझ्या मालकाला मी आत्ता फोन करतो. टाइप नाही करत, बोलतोच."

वैशाली राहिली. नानांचा नातू बरा झाला. त्या मुलींची गादी मी दुकानात नेली, उसवली, प्रत्येक शिवणीवरून वाफ फिरवली आणि नवी खोळ घालून परत दिली. पलंगाच्या फटींवर बाई स्वतः देखरेखीला बसल्या होत्या. त्यांना ताप आला नाही. हात मात्र आठवडाभर कराकरा खाजवत होत्या. "खाज खरी आहे हो गादीवाले, खाज अगदी सिद्ध झालेली आहे!"

त्यानंतर वैशाली आणि बाई यांचं गूळपीठच जमलं. ड्युटीवरून आली की पोरगी आधी तिसऱ्या मजल्यावर. बुद्धपौर्णिमेची खीर ढवळायला तीच. तिच्या बोलण्यात बाईंचे टोमणे आले आणि बाईंच्या बोलण्यात तिचं 'लई'.

गेल्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. हृदयाचं दुखणं होतं. वैशालीच्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना दुसऱ्या खाटेवर हलवत होते. बाईंनी खाटेच्या कडेला हात टेकला आणि गादीचं टोक उचलायला गेल्या. बोटांत जोर नव्हता. वॉर्डबॉय म्हणाला, "आजी, झोपा आता." वैशाली पुढे झाली. तिने गादीचं टोक वर केलं, शिवणीवरून नख फिरवलं, मान तिरकी करून आत पाहिलं आणि विचारलं, "कुणी आहे का घरात?" मग बाईंकडे वळून म्हणाली, "कुणी नाही, काकू."

"उत्तम!" बाई म्हणाल्या आणि समाधानाने आडव्या झाल्या. त्यांचा मी ऐकलेला शेवटचा शब्द तोच.

परवा वैशाली माझ्या दुकानात आली होती. बाईंच्या भाच्याने त्यांची बसायची खुर्ची तिला दिली आहे, त्या खुर्चीचा कपडा बदलून हवा होता. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी उशी हातात घेतली, जुनी शिवण उसवली आणि वैशालीने भर दुकानात खणखणीत आवाजात विचारलं, "काका, बघा बरं, कुणी आहे का घरात?" गादी दाबून बघणाऱ्या एका बाईंनी चटकन हात काढून घेतला.

मी शिवणीवरून नख फिरवलं. "कुणी नाही."

मग आम्ही दोघंही थांबलो. पुढचा शब्द आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.